मामा, एक यादी दे ना

रविवारी सकाळी पोह्यांचा पहिला घास तोंडात असताना भाचीचा मेसेज आला. ‘मामा, मला जरा सिरीयसली इंग्लिश लिटरेचर वाचायचंय. जुन्या पोएट्रीपासून हिस्ट्रीपर्यंत सगळं. एक यादी दे ना.’ खाली जोडलेले दोन हात.

मनू पुण्याला एका मोठ्या आयटी कंपनीत आहे. दिवसभर इंग्रजीतच वावरते, पण ते इंग्रजी म्हणजे ‘काइंडली रिव्हर्ट’ आणि ‘ॲज पर ट्रेलिंग मेल’. वीट आला असणार. तरी निवृत्त माणसाकडे यादी मागणं म्हणजे कीर्तनकाराच्या हातात माइक देणं, हे तिला कळायला हवं होतं. पोहे गार झाले. मी एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू शोधली आणि लिहीत सुटलो. दुपारच्या चहापर्यंत बावीस नावं झाली. चॉसरपासून सुरुवात, मग शेक्सपिअर, मिल्टन, जॉन्सन, गिबन... अशी काही उतरंड जमली की वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला.

पण पस्तीस वर्षं बँकेत काढलेली. मांडलं की ताळा करायचा, ही खोड काही जात नाही. प्रत्येक नावापुढे खूण करत गेलो: पूर्ण वाचलं, अर्धं वाचलं, नुसतं घरात आहे. पूर्ण वाचलेली निघाली नऊ. अर्धी पाच. उरलेली आठ नुसती घरात, आणि त्यातली दोन तर घरातही नाहीत, वाचनालयाच्या कपाटात पाहिल्याचं आठवतं एवढंच. बँकेच्या भाषेत ही सगळी थकीत खाती, आणि मी ती पोरीला मुदत ठेवी म्हणून दाखवणार होतो.

असल्या याद्यांचा शौक जुना आहे. १८८६ साली लंडनमध्ये सर जॉन लबॉक यांनी कामकरी लोकांसाठी चालवलेल्या एका कॉलेजात भाषण केलं आणि माणसाने वाचावीत अशी शंभर पुस्तकं सांगितली. हे गृहस्थ पेशाने बँकर, म्हणून मला जवळचे. इंग्लंडात १८७१ साली बँक हॉलिडेचा कायदा झाला तो यांच्याच खटपटीने. लोक त्या सुट्टीला गमतीने ‘सेंट लबॉकचा दिवस’ म्हणायचे. आमच्या सुट्ट्या १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली लागायच्या हे मला ठाऊक आहे, तरी मूळ पुण्याई या माणसाची असं धरून मी त्यांना मनोमन हात जोडत आलोय.

त्यांच्या यादीत रामायण-महाभारतही होतं, संक्षिप्त का होईना. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाची एक फळी हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याला भारी आहे, असं मेकॉले १८३५ साली लिहून गेला होता. पन्नास वर्षांनी त्याच्याच एका देशबांधवाने त्या फळीवरची पुस्तकं सरकवून आपल्याला थोडी जागा करून दिली. यादी छापून आल्यावर एका वर्तमानपत्राने ती थोरामोठ्यांकडे अभिप्रायासाठी पाठवली. कलासमीक्षक रस्किनसाहेबांनी लेखणी घेतली आणि त्यातली नावंच्या नावं खोडून परत पाठवली. गिबनसुद्धा गेला.

पण लबॉक यांच्याविषयी मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. फावल्या वेळात ते मुंग्या आणि मधमाश्या पाळायचे, आणि व्हॅन नावाचा त्यांचा एक काळा पूडल कुत्रा होता. पुठ्ठ्याच्या कार्डांवर शब्द छापून त्यांनी त्या कुत्र्याला ती ओळखायला शिकवलं. एकावर ‘फूड’, एकावर ‘टी’, एकावर ‘आउट’. भूक लागली की व्हॅन बरोबर ‘फूड’चं कार्ड तोंडात धरून आणून द्यायचा. म्हणजे शंभर पुस्तकांची यादी देणाऱ्या माणसाच्या घरात सगळ्यात चोख वाचक कोण, तर हा. त्याची यादी मोजक्या कार्डांची, पण वेळ आली तेव्हा नेमकं हवं ते वाचलं.

हे आठवल्यावर मी माझ्या पत्रिकेवर काट मारायला घेतली.

पहिली काट मिल्टनवर. ‘पॅरडाइज लॉस्ट’, १६६७. दृष्टी गेलेल्या माणसाने दहा हजारांवर ओळी तोंडी सांगून लिहवून घेतल्या, त्यापुढे नमस्कारच. पण डॉ. जॉन्सन म्हणून गेलेत की हे काव्य आहे त्याहून लांब असावं असं कुणालाच कधी वाटलं नाही. मी दुसऱ्या सर्गात, सैतानांच्या सभेपर्यंत पोचलो होतो. सभा तहकूब आहे.

मग गिबन. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचे सहा खंड, १७७६ ते १७८८. माझ्याकडच्या पहिल्या खंडात अजून बेस्टच्या बसचं तिकीट आहे, साठ पैशांचं, पान ११२वर. माझ्या हातून रोमचं साम्राज्य काही पडलं नाही. पण त्याचं आत्मचरित्र मी दोनदा वाचलंय आणि ते मी यादीत ठेवलं. तरुणपणी लोझानला सुझान कुर्शो नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला, वडिलांनी नाही म्हटलं. त्यावर गिबन लिहितो की प्रेमिक म्हणून मी उसासा टाकला, मुलगा म्हणून आज्ञा पाळली. झालं, प्रकरण संपलं. आपल्याकडे यावर तीन अंकी नाटक झालं असतं. (तिने पुढे नेकेरशी लग्न केलं आणि हा नेकेर फ्रान्सचा अर्थमंत्री झाला, म्हणजे तिचं काही अडलं नाही.) आणि मग ती २७ जून १७८७ची रात्र. अकरा ते बाराच्या मध्ये बागेतल्या खोलीत शेवटच्या पानाची शेवटची ओळ लिहून त्याने लेखणी खाली ठेवली, बाभळीच्या जातीच्या झाडांखाली जरा फेऱ्या मारल्या. आधी सुटल्याचा आनंद झाला, आणि पाठोपाठ जुना सोबती कायमचा गेला म्हणून मन उदास झालं. शेवटच्या दिवशी तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात देऊन मी बँकेबाहेर आलो, तेव्हा भेळवाल्यापाशी दहा मिनिटं उगाच उभा होतो. भेळ घेतली नाही.

शेक्सपिअरवर फार वेळ घालवला नाही. ‘मॅक्बेथ’ लिहिलं, कारण त्याच्या शोकांतिकांत ते सगळ्यात आटोपशीर आहे, आणि ‘नटसम्राट’ पाहिलेल्या मुलीची लिअरशी निम्मी ओळख आधीच झालेली असते. जेन ऑस्टेनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ठेवलं. स्थळं, बैठका, वधूची आई, वराचं उत्पन्न: आपल्या माणसाला तिथे तळटीप लागत नाही. खरं तर ते माझ्या ताईने वाचायला हवं, पण तिला ते लागेल.

कवितेत मात्र मी हट्टाने एक जुनं पुस्तक ठेवलं. पालग्रेव्हची ‘गोल्डन ट्रेझरी’, १८६१. मोठा चतुर संपादक. पुस्तक टेनिसनला अर्पण केलं, निवडीत त्याची मदत घेतली, पण हयात कवी एकही घेतला नाही, खुद्द टेनिसनसुद्धा नाही. कटकट नको. माझी प्रत फाउंटनच्या फुटपाथवरची, बारा रुपयांची. डोंबिवली-व्हीटी गाडीत, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून हिचा उपयोग मोठा. कविता एका बाजूच्या पानावर मावते आणि ठाणं आलं की संपते.

थॉमस ग्रेची स्मशानातली विलापिका तेवढी ठाण्याला संपत नाही. १२८ ओळी आहेत. १७५० साली त्याने ती पुरी करून मित्राला पाठवली, मित्राने चार जणांना दाखवली, ती हस्तलिखितातच हातोहात फिरली आणि एका मासिकाच्या हाती लागली. ते छापणार म्हटल्यावर ग्रेने घाईघाईने १७५१ च्या फेब्रुवारीत स्वतःच छापून घेतली, तीही नाव न घालता. फॉरवर्ड केलेलं परत घेता येत नाही, हे दुखणं आपल्या पिढीचं नाही.

तिची पहिली ओळ: ‘द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे’. माझ्या प्रतीत आधीच्या मालकाने ‘कर्फ्यू’भोवती पेन्सिलीने गोल केलाय आणि समासात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय: ‘संचारबंदी कशी?’

मीही तिथेच अडलो होतो. शेतात संध्याकाळ होतेय, गुरं हंबरत परत निघालीत, नांगऱ्या दमून घराकडे पाय ओढतोय, आणि यात संचारबंदी? त्र्याण्णवच्या जानेवारीतल्या मुंबईच्या दंगलीनंतर तर ती ओळ वाचली की मला गुरं दिसायचीच नाहीत. बंद शटरं दिसायची आणि गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली पोलिसांची गाडी. पुढे कधीतरी बँकेच्याच लायब्ररीतल्या जाडजूड डिक्शनरीत शब्द उघडून पाहिला. मूळ जुनं फ्रेंच, आणि अर्थ ‘आग झाका’. संध्याकाळी एक घंटा व्हायची. ती झाली की घरोघरी चुलीतला विस्तव झाकायचा, म्हणजे रात्री घरं पेटायला नकोत.

आणि एकदम आमची आजी दिसली. रात्रीची झाकपाक झाली की ती फुंकणीच्या टोकाने निखारे मागे लोटायची, वरून राख ओढायची, तळहात जरा वर धरून अंदाज घ्यायची आणि मग ‘झालं गं बाई’ म्हणून पदराला हात पुसत उठायची. सकाळी त्याच राखेतून लाल डोळा बाहेर काढायची. गावात घंटा नव्हती, पण कर्फ्यू रोज होता. ग्रेच्या कवितेत पुढे त्या थडग्यांतल्या माणसांसाठी आता चूल पेटणार नाही, अशी ओळ येते. ती मी तोवर शंभर वेळा वाचली असेन. आजीसकट पहिल्यांदाच वाचली. त्या अनोळखी मालकाच्या प्रश्नाखाली मी पेन्सिलीने उत्तर लिहिलं: ‘आग झाका.’ कुणासाठी लिहिलं, ठाऊक नाही.

इतिहासात गिबन गेल्यावर पोकळी झाली होती. तिथे ग्रँट डफ घातला. साताऱ्याला कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेल्या या स्कॉटिश कॅप्टनने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. मेहनत जबर, दफ्तरं पाहिली, माणसांना विचारलं. पण मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला वणवा लागावा तसा दिसला. एकट्याने वाचू नकोस म्हणून मनूला बजावलं. शेजारी न्यायमूर्ती रानड्यांचं ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ ठेव, १९००चं. रानडे म्हणतात, वणवा कसला, जमीन पिढ्यान् पिढ्या तयार होत होती, संतांपासून. इतकं शांत भांडण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि इंग्रजी वाङ्मय म्हणजे इंग्रजांनीच लिहिलेलं, असा नियम कुणी केलाय?

पत्रिकेवर आता सात नावं उरली होती. आठवं घातलं ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांना स्मरून. इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, हे त्यांचं म्हणून सांगितलेलं वाक्य प्रत्येक मराठी शाळकरी पोराने ऐकलेलं असतं. ते दूध त्यांच्या घरात कुठून आलं, तर बरंचसं जॉन्सनकडून. जॉन्सनचं ‘रासेलस’ वडील कृष्णशास्त्री आणि मुलगा विष्णुशास्त्री या दोघांनी मिळून मराठीत आणलं. जॉन्सनने ते १७५९ साली आठवड्याभराच्या संध्याकाळांत लिहिलं. आई गेली होती, तिच्या अंत्यविधीचा खर्च भागवायचा होता. गोष्ट छोटी, शंभरेक पानांची. ॲबिसिनियाचा राजपुत्र सुखाच्या दरीत राहतो, काही कमी नाही, आणि त्याला तेच सोसत नाही. बाहेर पडतो, सुखी माणूस शोधत हिंडतो. शेवटच्या प्रकरणाचं नावच असं आहे: समारोप, ज्यात कशाचाच समारोप होत नाही.

आठ नावं टाइप करून पाठवली. उत्तर आलं, अंगठा.

तीन आठवडे काही नाही. मग एका रात्री साडेअकराला: ‘मामा, रासेलस वाचतेय कंपनीच्या बसमध्ये. हा तर आमचा कॅम्पस आहे!!’ मागून एकामागून एक मेसेज. जेवण फुकट, जिम, तळं, बदकं. दरीला लोखंडी दरवाजा, आमच्याकडे स्वाइप कार्ड. बादशहा वर्षातून एकदा येतो, आठ दिवस राहतो, त्या वेळी सगळे नवीन नवीन करमणुकी सुचवतात. ‘सेम आमची टाउन हॉल मीटिंग, मोठे साहेब येतात ती. सेम, मामा, सेम.’

पुढच्या शनिवारी ताईचा फोन. मनू घरी आली होती.

“काय वाचायला दिलंयस रे तिला? राजीनामा म्हणतेय.”

मी जरा घाबरलोच. म्हटलं, “अगं, शेवटपर्यंत वाचलं का विचार. शेवटी ते सगळे परत जायचं ठरवतात.”

ताईने फोन तिच्याकडे दिला.

“वाचलं मामा. पण परत म्हणजे ॲबिसिनियाला. दरीत परत जातात असं कुठं लिहिलंय?”

तिला थांब म्हटलं, चष्मा शोधला, कपाटातून पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उभ्यानेच वाचलं. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.