गजर साडेचारचा लावा: माघ बिहूची आसामवारी

जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातला उगवतो, गुवाहाटीत सव्वासहाला. नकाशा पाहूनही हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तिथल्या चहाच्या मळ्यांत तर घड्याळंच तासभर पुढे असतात, त्याला 'बागान टाइम' म्हणतात. हे आधीच सांगते, कारण माघ बिहूतलं बघण्यासारखं निम्मं तरी आपला पहिला चहा व्हायच्या आत उरकलेलं असतं.

बिहू म्हटलं की आपल्याला ढोल आणि पेपा या म्हशीच्या शिंगाच्या वाद्यावरचा नाच आठवतो. तो एप्रिलमधला, बोहाग म्हणजे रंगाली बिहू, पेरणीच्या तोंडावरचा. ऑक्टोबरमधला काती बिहू कंगाली: कोठारं रिकामी, पीक अजून उभं, म्हणून मेजवानी नाही, तुळशीपाशी आणि शेतात पणत्या तेवढ्या. नाच हवा असेल तर एप्रिलमध्ये जा. मला खायचं होतं, म्हणून भात घरात आल्यावरचा माघ म्हणजे भोगाली बिहू निवडला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपली भोगी, त्यांची उरुका.

ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर मोरीगाव जिल्ह्यात. उरुकेच्या दुपारी गुवाहाटीला उतरले ही पहिली चूक. ठरवलेली गाडी ऐनवेळी आलीच नाही, दुसरी मिळेना, आणि सगळं शहर मासे घेऊन घराकडे निघालेलं. एक दिवस आधी पोचा. रोख पैसे आणि लागतील ती औषधंही आधीच घेऊन ठेवा, बिहूच्या दिवशी दुकानांची शटरं खाली असतात.

पोचले तर शेतात पोरांनी भेलाघर उभं केलेलं. बांबूचा सांगाडा, त्यावर भाताचा पेंढा, बाजूला लाकडं आणि बांबू उंच रचलेली मेजी. रात्री सगळ्यांनी तिथेच रांधायचं, जेवायचं, शेकत बसायचं. मासे, कोहळा घालून बदक, आलू पिटिका. शाकाहारी असाल तर यजमानांना आधी कळवा, नाहीतर पिटिका-भातावर रात्र काढावी लागेल. (वाईट नाही तेही. मोहरीचं कच्चं तेल घातलेलं बटाट्याचं भरीत ते.) या रात्री शेजाऱ्याच्या कुंपणाचे बांबू आणि मळ्यातली भाजी चोरायला पोरांना मुभा. कोकणात होळीला लाकडं पळवलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्याआधी संध्याकाळी स्वयंपाकघरात तीळ पिठा. मैत्रिणीची आइता, म्हणजे आजी, तव्यापाशी. बोरा हा चिकट तांदूळ भिजवून कुटलेला, पीठ ओलसर, त्यावर ओलं फडकं. कोरड्या तापल्या तव्यावर मूठभर पीठ पातळ गोल पसरायचं, मधोमध काळे तीळ आणि गुळाची रेघ, मग दोन्ही कडा घडी घालून दाबायच्या. तेलाचा थेंब नाही. माझे पहिले चार तुटले. आइताने न बोलता माझ्यासमोरचं पीठ मागे ओढलं आणि फडकं झाकलं. पाचवा जमला. फडकं उघडं ठेवून गप्पा मारत बसले होते, तेवढ्यात पीठ वाळलं होतं.

झोपायला दोन वाजले आणि साडेचारला उठवलं. अंघोळ केल्याशिवाय मेजीपाशी जायचं नाही. पाणी तापवलेलं मिळालं, पण अंघोळीनंतर अंगणातलं धुकं हाडांत शिरतं. स्वेटर, कानटोपी, मोजे सोबत असू द्या. पुण्याची थंडी सोसते म्हणून फुशारकी मारू नका. मेजी पेटली, सगळ्यांनी हात जोडले, पिठा आगीत टाकला. बांबूची पेरं तडातड फुटायला लागली आणि मी दचकून मागच्या काकांवर आदळले. नंतर अर्धवट जळलेली लाकडं उचलून फळझाडांखाली टाकली, झाडं भरघोस धरावीत म्हणून. मग जलपान: पोहे, दही, गूळ आणि कोमल चाउल, जो शिजवायचाच नाही, पाण्यात भिजवला की मऊ होतो.

तिथवर गेलात तर जोनबील मेळा सोडू नका. जागीरोडजवळ दयांग बेलगुरीला, माघ बिहूनंतर गुरुवार ते शनिवार. तारखा दरवर्षी हलतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा. गुवाहाटीहून लामडिंगकडच्या गाड्या जागीरोडवरून जातात. जोन म्हणजे चंद्र, बील म्हणजे पाणथळ तळं, आणि तळ्याचा आकार खरोखर चंद्रकोरीसारखा. तिवा या तिथल्या आदिवासी जमातीचा हा मेळा, त्यांच्या गोभा राजाच्या मानाचा. डोंगरातून आलं, हळद, मिरची, कंद येतात, मैदानातून पिठा, लाडू, पोहे, सुकी मासळी. पैसे चालत नाहीत, वस्तूच्या बदल्यात वस्तू.

मी पहिल्या दिवशी नऊला पोचले तेव्हा विनिमय जवळजवळ आटोपला होता. उरली होती ती नेहमीची जत्रा, प्लास्टिकची खेळणी आणि जिलबी. जागीरोडला मुक्काम वाढवला आणि दुसऱ्या दिवशी अंधारात निघाले. पिशवीत पुण्याहून आणलेल्या तिळाच्या वड्या. डोंगरातून आलेल्यांना मैदानातले लोक मामा-मामी म्हणतात, म्हणून मीही 'मामी' म्हणून वड्या पुढे केल्या. तिने एक चाखली, शेजारणीला दिली, दोघी काहीतरी बोलून हसल्या, आणि माती लागलेलं आलं माझ्या पिशवीत पडलं. किती वड्यांना किती आलं, हे तिनेच ठरवलं. मी आणखी दोन वड्या पुढे केल्या तर तिने मान हलवली आणि मिरच्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

वड्या किलोभर न्या. माझ्या अर्ध्या किलोत मिरच्यांपर्यंतच मजल गेली, हळद राहिली.