चकमकीच्या पिस्तुलाचं किट: लॉक आधी, लाकूड शेवटी

किट निवडताना बहुतेकांची नजर आधी दस्त्याच्या लाकडावर जाते. मी लॉकपासून, म्हणजे गार (चकमकीचा दगड) पोलादावर आपटून दारू पेटवणाऱ्या यंत्रणेपासून सुरुवात केली. लाकडाचा रंग बदलता येतो, पितळ घासून उजळता येतं. पण लॉक नीट ठिणगी पाडत नसेल तर बाकीची सगळी मेहनत भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तूसाठी होते.

बाजारात साधारण दोन जातींची किटं मिळतात. एक कारखान्याची: स्पेनच्या आर्देसाची किंवा इटलीच्या पेदेरसोलीची. यात दस्ता बऱ्याच अंशी कोरलेला असतो, नळीचा मागचा बूच बसवलेला, कान (ठिणगीची आग नळीत जाण्याचं छिद्र) पाडलेला आणि लॉक जोडलेलं असतं. उरतं ते बसवणं, घासणं आणि रंग-तेल. दुसरी जात सुट्या भागांची: ओबडधोबड कोरलेला दस्ता, कोरी नळी, ओतीव पितळ. तिथे बूच बसवणं आणि कान पाडणं आपल्यावर येतं, आणि हे काम अनुभवी बंदूक-कारागिराचंच आहे. म्हणून पहिलं किट कारखान्याचं असावं, असं माझं ठाम मत आहे. इटलीत गार्दोने वाल ट्रॉम्पिया आणि स्पेनमध्ये एइबार इथल्या चाचणीगृहांत नळीवर दाबाची चाचणी होऊन ठसे उमटवले जातात. ते ठसे बघूनच किट घेतलं. नळी कापायची नाही, कान मोठा करायचा नाही आणि कानस चालवताना ठसे पुसायचे नाहीत, हे तिन्ही नियम शेवटपर्यंत पाळले.

कायद्याचंही आधीच बघावं. अमेरिकेत संघीय कायद्यानुसार ठासणीच्या अशा प्रतिकृती पुराण्या शस्त्रांत मोडतात, पण राज्यांचे नियम वेगळे असतात. कित्येक देशांत परवान्याशिवाय किट मागवणंसुद्धा गुन्हा ठरतो.

लॉक हातात आल्यावर पाच गोष्टी तपासल्या. फ्रिझन, म्हणजे गार जिच्यावर आपटते ती पोलादी पाटी, कडेला बारीक कानशीने घासून पाहिली. कानस घसरली पाहिजे. चावली तर पोलाद मऊ आहे आणि ठिणगी मिळणार नाही. ठिणगी म्हणजे गारेने फ्रिझनवरून खरवडलेला पोलादाचाच जळता कण, त्यामुळे इथे कठीणपणाशी तडजोड नाही. मग फ्रिझन बंद करून उजेडासमोर धरली; वाटी आणि तिच्यावर झाकणासारखी बसणारी फ्रिझन यांच्यामधून उजेड दिसला तर वाटीतलं रंजक (पेटवायची बारीक दारू) सांडतं आणि ओल आत जाते. अर्ध्या घोड्यावर, म्हणजे गार धरणारा घोडा अर्धाच चढवून, चाप जोराने ओढून पाहिला, घोडा सुटता कामा नये. घोड्याचे जबडे फ्रिझनला समांतर आहेत ना, आणि मुख्य कमान लॉकच्या पट्टीला घासत नाही ना, तेही पाहिलं. घोड्याच्या चक्रातल्या (घोड्याबरोबर आत फिरणाऱ्या भागातल्या) अर्ध्या घोड्याच्या खाचेला कानस लावायची नाही. चाप हलका करण्याच्या नादात अनेकजण तीच खाच उथळ करतात, आणि मग ती सुरक्षेची राहत नाही.

आता बसवणी. सगळे भाग कोरडेच जोडून पाहिले आणि कुठे काय अडतं ते पेन्सिलीने लिहून ठेवलं. कारखान्यातले स्क्रू फार घट्ट असतात आणि साधा स्क्रू ड्रायव्हर खाचेच्या कडा खातो; म्हणून पातं खाचेच्या रुंदीला आणि जाडीला घासून घेतलं. पितळी स्क्रूला आधी त्याच मापाच्या पोलादी स्क्रूने लाकडात आटे पाडून द्यायचे, आणि पितळी स्क्रूला मेण लावून मगच फिरवायचं. नाहीतर मान तुटते आणि अर्धा स्क्रू आतच राहतो.

नळी खोबणीत कुठे टेकते हे कळायला तेलात कालवलेली काजळी नळीला खालून लावली. (स्वस्त लिपस्टिकही तितकीच चालते.) नळी बसवून काढली की लाकडावर जिथे काळं उमटतं तिथून पातळ पटाशीने केसभर काढायचं, पुन्हा बसवायचं. बुचाचा मागचा भाग लाकडावर पूर्ण टेकला पाहिजे, कारण बाराचा धक्का तो घेतो. तो फक्त शेपटीच्या (बुचातून मागे निघालेल्या पट्टीच्या) टोकाशी टेकत असेल तर तिथेच दस्ता चिरतो. नळीखालच्या कानाड्यात (नळी दस्त्याला अडकवणाऱ्या कडीत) पिन जाते ते भोक लांबीच्या दिशेने थोडं लंबगोल केलं. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आटतं, लोखंड तसं वागत नाही. भोक गोल राहिलं तर पिन वाकते किंवा लाकूड फुटतं.

लॉकचा खड्डा हा सगळ्यात चिकट भाग. वाटीची कड नळीला घट्ट लागली पाहिजे. तिथे कागद जाईल एवढीही फट राहिली तर रंजक खाली लॉकमध्ये झिरपतं आणि गंज चढवतं. लॉक हातात उत्तम चालतं आणि लाकडात बसवलं की घोडा संथ पडतो, ही तक्रार नेहमी ऐकू येते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: आतली कमान, पूल (आतले भाग जागेवर धरणारी पट्टी) किंवा सिअर (घोडा अडवून धरणारा भाग) यांपैकी काहीतरी लाकडाला घासतं. लॉकच्या आतल्या भागांना काजळी लावून बसवायचं, घोडा हळू चढवायचा-उतरवायचा, आणि जिथे ठसा उमटेल तिथलंच लाकूड खोल करायचं. लॉकचे स्क्रू फार आवळले तरी पट्टी वाकते आणि हाच दोष दिसतो. म्हणून पट्टी सपाट टेकली की तिथेच थांबायचं. चापाचंही तसंच. चाप सिअरच्या दांडीला विश्रांतीतच टेकून असेल तर अर्धा घोडा पुरता अडकत नाही. चाप आणि दांडी यांत किंचित मोकळीक हवी. ती नसेल तर चापाची दांडीला लागणारी वरची कड थोडी घासावी, खाचांना हात लावू नये.

मुठीच्या टोकाची पितळाची टोपी आणि चापाभोवतीचं कडं वाळूत ओतलेलं असतं, त्याच्यावर सांध्याची रेघ असते. ती बारीक कानशीने काढली आणि पितळ लाकडाच्या पातळीला आणताना दोन्ही एकत्रच कानसले. मात्र पॉलिश पेपर आला की पितळ काढून ठेवलं. पेपरने घासताना पितळाची काळपट धूळ लाकडाच्या छिद्रांत बसते आणि ती नंतर निघत नाही, फिक्या लाकडावर तर राखाडी डाग पडतो. स्टील वूलही लाकडाजवळ नको. त्याचे तुटलेले कण अक्रोडासारख्या टॅनिनवाल्या लाकडात ओल लागताच काळे ठिपके पाडतात.

लाकडाला सँडिंग १२०, १८०, २२० अशा क्रमाने केलं, आणि दर वेळी रेषांच्या दिशेनेच. लॉकभोवतीच्या आणि पितळाशेजारच्या कडा पेपरमागे लाकडी ठोकळा धरूनच घासल्या. बोटाने घासलं की कड गोल होते आणि धातूशी फट दिसते. मग ओलं फडकं फिरवलं, वाळू दिलं आणि उभे राहिलेले तंतू ३२० ने हलके कापले. ओल देऊनही तंतू उठेनासे होईपर्यंत हे करायचं. ही पायरी टाळली तर पहिल्याच रंगाने दस्ता खरखरीत होतो.

रंगाबद्दल एक स्पष्ट सांगतो. कारखान्याच्या किटांत बऱ्याचदा बीच लाकूड येतं, आणि तेलातला दाट रंग बीचवर ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो, कारण रंगाचे कण छिद्रांतच साठतात. अल्कोहोलात विरघळणारा डाय एकसारखा मुरतो. मुठीच्या टोकाचं, रेषा कापलेलं लाकूड जास्त रंग पितं. म्हणून तिथे ३२० पर्यंत घासून, आधी नुसतं अल्कोहोल लावून मग डाय फिरवला. मेपल असेल तर फेरिक नायट्रेटचं द्रावण लावून हीट गनने तापवतात; हिरवट रंग बघता-बघता लालसर तपकिरी होतो. हातमोजे, चष्मा आणि खुली हवा हे त्यात धरलेलंच आहे.

त्यावर उकळलेल्या जवस तेलाचे पातळ हात. तेल लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसायचं, दिवसभर वाळू द्यायचं. पुसलं नाही तर ते चिकट राहतं आणि कितीही दिवस ठेवलं तरी सुकत नाही. लॉकच्या खड्ड्यात, नळीच्या खोबणीत आणि पितळाच्या टोपीखालीही तेल दिलं. ओल तिथूनच शिरते, आणि नेमकं तेच राहून जातं. तेलाची फडकी गोळा करून टाकायची नाहीत. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

नळी आठकोनी असेल तर कडा धारदार राहणं हीच सगळी शोभा. कानस आडवी धरून दोन्ही हातांनी लांबीभर ओढली. कानशीच्या दातांत खडू भरला की चुरा अडकून ओरखडे पडत नाहीत. मग २२० आणि ३२० चा एमरी पेपर सपाट पट्टीला गुंडाळून. आरशासारखी चकाकी काढायची नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर गंज धरायला नाखूश असतो, आणि इथे गंज हवाच आहे.

मी थंड ब्राउनिंग, म्हणजे नळी न तापवता तिच्यावर मुद्दाम तपकिरी गंज चढवणं, निवडलं. तोंड आणि कान लाकडी खुंटीने बंद केले, नळी साबणाने आणि मग ॲसिटोनने चरबीमुक्त केली. यापुढे उघड्या बोटाचा ठसाही चालत नाही. द्रावण एका दिशेने, न थांबता पुसून लावायचं आणि नळी दमट पेटीत टांगायची. बारीक गंज एकसारखा आला की खरखरीत कापडाने घासायचा आणि पुन्हा लावायचं. हवा कोरडी असली की काहीच होत नाही. फार दमट असली की खड्डे पडतात. हवा तसा तपकिरी आला की बेकिंग सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन थांबवलं, नाहीतर क्रिया आतल्या आत चालूच राहते. तापलेल्या नळीवर तेल दिलं. हाच गंज प्रत्येक थरानंतर उकळत्या पाण्यात बुडवला तर काळा होतो. काळी नळी हवी असेल त्यांच्यासाठी तो मार्ग आहे. कोल्ड ब्लू (नुसतं फासून नळी निळसर-काळी करणारं द्रावण) मात्र घेऊ नये, हातातच पुसला जातो.

शेवटी गार. रुंदी फ्रिझनइतकी, पण नळीला न लागणारी. चामड्याची घडी घालून जबड्यात बसवली. अर्ध्या घोड्यावर धार आणि बंद फ्रिझन यांत साधारण दीड मिलिमीटर. गज नळीत तळापर्यंत घालून ती रिकामी असल्याची खात्री केली, फ्रिझनवर मार्करने रेघा ओढल्या आणि अंधाऱ्या खोलीत चाप ओढला. गार वरच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश खाली लागावी आणि खालपर्यंत खरवडत जावी. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या वाटीत पडल्या की काम जमलं. लालसर, मंद ठिणग्या म्हणजे मऊ फ्रिझन किंवा अशक्त कमान. फ्रिझनवर पायऱ्यांसारखे खड्डे पडत असतील तर गार फार सरळ आदळते आहे. ती जबड्यात उलटी, उतार खाली करून बघावी. गार सारखी फुटत असेल तर फ्रिझनची कमान जरुरीपेक्षा कडक असते. फ्रिझन उघडी ठेवून रिकामा घोडा मात्र कधी पाडू नये. सराव करायचाच असेल तर गारेऐवजी जबड्यात लाकडी तुकडा धरावा.

नवं लाकूड पहिल्या काही आठवड्यांत आटतं आणि शेपटीचा व लॉकचे स्क्रू ढिले होतात. ते तेव्हाच परत आवळून घ्यावेत, पण पट्टी सपाट टेकेपर्यंतच.