आरएसआय आणि माझी चौकटीची वही

मार्च 2020 मध्ये मी आरएसआय (रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स, शेअर बाजारातल्या चढ-उताराचा जोर दाखवणारा आकडा) हाताने काढायचे. वहीत दोन रकाने: निफ्टी या बाजार निर्देशांकाची रोजची वाढ हिरव्या शाईत, घट लाल. चौदा दिवसांची सरासरी वाढ भागिले सरासरी घट, त्यावरून शून्य ते शंभरमधला आकडा. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेली ही रीत मला मनापासून आवडते, कारण ती नुसता भाव नाही, भावाचा जोर मोजते.

12 मार्चला निफ्टी 9590 वर बंद झाला, आरएसआय तिसाच्या खाली, म्हणजे विक्री अती झाली असं मानतात. तळ आलाच, असं धरून मी घरखर्चातले पैसे लावले. आकडा फक्त विक्रीचा जोर सांगत होता. 23 तारखेला निफ्टी 7610. त्या एका दिवसाची 1135 ची घट लिहिताना लाल आकडा चौकटीबाहेर गेला. ते पान मी अजून जपून ठेवलंय.