तिसरा आठवडा, अर्ध्या बैठका

बडोदे, मंगळवार, सकाळचे सात

कॅन्सरच्या केमोनंतरचा तिसरा आठवडा लागला की बहुतेक घरांत ऐकू येतं, "आज बरं वाटतंय, आज थोडं जास्तच करून घेते." घोळ इथेच होतो, म्हणून आजच्या पानावर हे सगळ्यात आधी.

केमोच्या 21 दिवसांच्या चक्रात पहिले एक-दोन दिवस डेक्सामेथासोनचा, म्हणजे केमोसोबत दिलेल्या स्टिरॉइडचा, खोटा हुरूप असतो. तो उतरला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग गळतं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यानंतर जरा तरतरी येते आणि माणूस पंधरा दिवसांची कसर एका सकाळी भरून काढायला जातो. दुसऱ्या दिवशी आडवा. मग शिक्का बसतो व्यायामावर, आणि सून म्हणते, "आई, तुम्ही आपल्या पडून राहा."

पडून राहिल्याने हा थकवा जात नाही. मांड्या झिजतात, मग संडासातून उठतानाही दम लागतो, म्हणून आणखी पडणं. ताकदीचा व्यायाम हे चक्र तोडतो. गाठायचं माप मोठं नाही: आठवड्यात 2 दिवस, मध्ये निदान एक दिवस सुटी, प्रत्येक प्रकार 12 ते 15 वेळा, असे 2 फेरे. सुरुवात 6 ते 8 च्या एकाच फेऱ्याने. मेहनत दहापैकी पाच वाटावी, म्हणजे वाक्य पुरं बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. चालणं वेगळं, कमाटीबागेत असो की गॅलरीत.

खुर्चीवरून उठणं-बसणं सगळ्यात मोलाचं. माणिकरावांच्या आखाड्याच्या गावात बैठका नव्याने काय सांगायच्या! ही बैठकच, फक्त अर्धी. उरलेली अर्धी खुर्चीने सांभाळायची. खुर्ची लाकडी, पाठ भिंतीला टेकलेली. प्लास्टिकची गुळगुळीत फरशीवर सरकते, आणि झोपाळ्यावर तर हा प्रकार करूच नये. मोजे काढा. पुढच्या कडेवर बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, नाक पायाच्या अंगठ्यांवर येईल इतकं वाका, श्वास सोडत उठा. बसताना मनात तीन मोजा. धपकन बसलं तर निम्मा फायदा गेला, कारण सावकाश उतरतानाच मांडी राबते. पहिले काही दिवस हातांचा टेकू चालेल.

त्याच्या जोडीला भिंतीवरचे जोर, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या (भरलेली एक म्हणजे साधारण अर्धा किलो) आणि खिडकीच्या गजाला बांधून ओढायचा रबरी पट्टा. गाठ आधी एकदा जोरात ओढून बघा. सुटला तर तोंडावर येतो. श्वास कोंडायचा नाही. स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजेल म्हणून वजनच उचलायचं नाही, हा समज जुना झाला. हळूहळू वाढवलेलं वजन चालतं, पण सुरुवात फिजिओसमोर, आणि हात जड वाटू लागला तर दाखवायचा.

रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय सुरू करू नये. प्लेटलेट 50,000 च्या खाली किंवा हिमोग्लोबिन 8 च्या खाली असेल तर बाटल्या कोपऱ्यात, आधी डॉक्टरांना विचारणं. ताप 100.4 ला पोचला तर व्यायाम बंद आणि लगेच फोन, सकाळची वाट बघायची नाही. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तरी थांबायचं. हाडांत आजार पसरला असेल तर वजन घेऊन वाकणं, पिळणं नाही. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधांनी तळवे बधिर झाले असतील तर घट्ट बूट आणि हाताशी कठडा.

वहीत रोज सकाळी एकच आकडा: थकवा, 0 ते 10. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी तो दोनने चढला तर पुढच्या वेळी एक फेरा कमी. चढला नाही तर दोन उठाबशा जास्त, बाटली तीच. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, नाहीतर कशाने अंगावर आलं ते कळत नाही.

सोमवारी केमो. तोवर शुक्रवारी आणखी एकदा, आजच्याइतकंच, कितीही बरं वाटलं तरी.