राँग नंबर

रविवार, रात्र.

सकाळी अकराला फोन वाजला. अनोळखी नंबर. ‘हॅलो’ म्हणायला गेले तर घशातून नुसती खरखर निघाली. खाकरले, पुन्हा म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना ‘येते’ म्हटलं होतं, त्यानंतरचा हा माझा पहिला शब्द.

राँग नंबरच होता. कुणी आजोबा मुलीला फोन लावत होते, शेवटचे दोन आकडे उलटसुलट झालेले. ‘माफ करा हं’ म्हणून ठेवणार, तेवढ्यात मी म्हटलं, ‘थांबा ना, नंबर वाचून दाखवता का? काय चुकलंय बघू.’ काही गरज नव्हती. त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला, मीही त्यांच्यामागे म्हटला. जेमतेम दीड मिनिट. फोन ठेवला आणि रडूच फुटलं.

दिवसभर तेच खुपतंय. का थांबवलं मी त्यांना? इतकी वेळ आली माझ्यावर? फोनमध्ये चारशेच्या वर नंबर आहेत, आणि काम नसताना सहज लावावा असा एक नाही. ताईला लावला असता, पण... नको, ते आज नको.

मागे 2003 सालच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं होतं. स्क्रीनवर तिघांनी एकमेकांकडे चेंडू टाकायचा. थोड्या वेळाने दोघं तिसऱ्याकडे टाकणंच बंद करतात. तेव्हा त्या तिसऱ्याच्या मेंदूत जो भाग जास्त जागा झाला, तो शरीराला दुखतं तेव्हाही जागा होतो. खेळ तो केवढासा! आणि ते दोघं माणसंही नव्हती, कॉम्प्युटरच चेंडू टाकत होता. तरी लागलं. मग मला लागलं तर त्यात लाज कसली? भूक लागल्याची लाज वाटते का कुणाला?

पण मी तरी चेंडू कुणाकडे टाकला? ताईचा मेसेज तीन आठवडे तसाच पडून आहे. ‘कशी आहेस?’ एवढाच. ‘मजेत’ लिहवेना, खरं लिहवेना, राहून गेला.

संध्याकाळी उघडला. ‘बरी नाहीये. बोलूया?’ पुसलं, परत लिहिलं, पाठवलं. अजून एकच टिक आहे. असू दे.

आजोबांचा फोन लागला असेल ना मुलीला? लागला असावा. तिने पहिल्याच रिंगला उचलला असावा.