जोत्याहून उंच झालेला रस्ता

गेल्या मे महिन्यात आम्ही नागपुरातल्या लक्ष्मीनगर भागातील एका आतल्या गल्लीत साधारण पन्नास वर्षांपूर्वी बांधलेले एक लहान घर पाहिले. तीस बाय पन्नासचा भूखंड, दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर छपरी, मागे बुजत आलेली विहीर आणि कडुनिंबाचे एक झाड. सोबतच्या मध्यस्थाने फाटक उघडतानाच सांगून टाकले, "घराचं काही धरू नका साहेब, भाव प्लॉटचाच आहे. घर फुकटात समजा." घर पाडून तेथे फ्लॅट बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब बरोबरच आहे. आम्हाला मात्र ते पाडायचे नव्हते, त्यात राहायचे होते. आणि राहणाऱ्याला जुने घर कधीच फुकटात पडत नाही, कारण त्याची दुरुस्ती आपल्याच खिशातून व्हायची असते. म्हणून प्लॉटचा भाव बाजूला ठेवून आम्ही आधी घराकडे पाहायचे ठरवले.

दुसऱ्या खेपेला ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींना सोबत नेले. त्यांनी भिंती पाहिल्या नाहीत, स्लॅब पाहिला नाही. पिशवीतून पारदर्शक नळीचे वेटोळे काढले, त्यात पाणी भरले, एक टोक माझ्या हातात देऊन मला रस्त्याच्या कडेला उभे केले आणि दुसरे टोक स्वतः छपरीच्या खांबाला लावले. नळीतले पाणी स्थिरावल्यावर दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करून टेपने मोजले, तेव्हा रस्ता छपरीच्या फरशीपेक्षा सात इंच उंच निघाला. घर बांधले तेव्हा जोते रस्त्यापासून दीड-दोन फूट वर असणार, कारण छपरीच्या तीन पायऱ्यांपैकी दोन आता अंगणाच्या भरावात गाडल्या गेल्या आहेत. आधी डांबराचे थर चढत गेले आणि शेवटी जुना थर न खरवडता त्यावरच सिमेंटचा रस्ता झाला. मिस्त्री म्हणाले, "हे घर घेता का रस्त्याचं पाणी घेता जी?"

नागपुरातल्या जुन्या वस्त्यांमध्ये घर पाहणाऱ्याने हे मोजमाप सर्वांत आधी करावे, असे माझे ठाम मत झाले आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट यांसारख्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरले, हे सर्वांच्या लक्षात आहे. पण त्या पाण्याला तलाव आणि नाग नदी असे ठळक कारण होते. आम्ही पाहिलेले घर नदीपासून लांब आहे. तरीही तासाभराच्या जोरदार सरीत त्या गल्लीतले पाणी जाणार कोठे, याचे उत्तर सात इंचांच्या त्या फरकातच होते. गडरलाईनचा, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीचाही प्रश्न तोच. घराच्या आवारातील चेंबर रस्त्यावरच्या चेंबरपेक्षा खाली गेले असेल, तर मुख्य वाहिनी तुंबल्यावर मैला उलट दिशेने न्हाणीघरात येतो. आम्ही आवारातील झाकण उघडायला लावले. आतल्या भिंतीवर जवळजवळ झाकणापर्यंत काळी रेघ होती, म्हणजे पाणी तेथवर कधीतरी चढले होते.

यावर लोक सहज सांगतात की फरशी उचलून घ्या. मीही आधी तसाच विचार केला होता. परंतु भराव घालून फरशी दीड फूट वर घेतली, तर दहा फूट उंचीची खोली साडेआठ फुटांची होते, आणि दाराच्या तुळया सात फुटांवर असल्यामुळे दार साडेपाच फुटांचे उरते. म्हणजे प्रत्येक दाराची तुळई फोडून वर बसवावी लागणार. घर खांबांवर उभे असते तर गोष्ट वेगळी. येथे सगळा भार विटांच्या नऊ इंची भिंतींवर आहे आणि तुळईवरची वीट हलवली की स्लॅबला टेकू द्यावा लागतो. खिडक्या जमिनीलगत येतात, बाथरूमचे उतार नव्याने काढावे लागतात, ते निराळेच. हा खर्च 'फरशी बदलणे' या नावाखाली मावणारा नाही. आम्ही शेवटी असे ठरवले की खोल्या आहेत तशाच ठेवायच्या, फाटकापाशी उंच उंबरा बांधून रस्त्याचे पाणी बाहेर अडवायचे, आणि अंगणातले पाणी विहिरीत पुनर्भरणासाठी सोडायचे. ही तडजोड आहे, याची आम्हाला कल्पना आहे.

तड्यांच्या बाबतीत मात्र या घराने मला चकित केले. नागपूरच्या पुष्कळ भागांत पायाखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघणारा तडा येथे नवलाचा नाही. तो स्थिर आहे की वाढतो आहे, एवढेच पाहायचे असते. आतल्या खोलीत असा एक तडा होता. त्याच्या टोकाला पेन्सिलीने बारीक आडवी रेघ मारलेली होती आणि शेजारी लिहिले होते, 'मे ८९'. त्याच रेघेवर दुसऱ्या पेन्सिलीने 'मे ०३'. दिवंगत घरमालक पाटबंधारे खात्यात होते, असे त्यांच्या मुलीने सांगितले. त्यांनी दोन्ही वेळा मे महिनाच निवडला होता, कारण पावसाळ्यात माती फुगून तडा मिटल्यासारखा दिसतो आणि मेमधले माप ऑगस्टच्या मापाशी ताडून काहीच कळत नाही. आम्हीही मे महिन्यातच गेलो होतो आणि तडा त्या रेघेच्या पुढे गेलेला नव्हता. मध्यस्थाच्या दृष्टीने शून्य किंमत असलेल्या त्या घराविषयी इतका नेमका पुरावा दुसरा कोणी देऊ शकला नसता.

भिंतीच्या खालच्या भागात पोपडे दिसले की घेणारा लगेच पाया ओला असल्याचे समजतो. येथे थोडे थांबावे. पश्चिमेच्या खिडकीत कूलर ठेवण्याची आपल्याकडची रीत आहे, आणि चाळीस-पन्नास उन्हाळे गळणाऱ्या कूलरचे पाणी खिडकीखालच्या भिंतीत मुरले की तेथे लोणा (भिंतीतून बाहेर येणारा खार) लागणारच. ओल जर त्या एका खिडकीखालीच असेल आणि बाकीच्या भिंती कोरड्या असतील, तर दोष कूलरचा. आमच्या घरात तसेच होते. मात्र बाथरूमच्या छताला मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने ठोकले तेव्हा पोकळ आवाज आला, आणि एका जागी गिलावा पडून गंजून फुगलेली सळई उघडी झाली. तेवढा स्लॅब नवा करावा लागेल. छज्जांचीही गत तीच. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग आणि आतून गंजलेले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप सगळे काढायचेच असतात. त्यांची तपासणी करण्यात वेळ घालवू नये.

घर दुपारी तीन वाजता पाहावे, हेही सांगायला हवे. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झालेल्या या शहरात सकाळी आठ वाजता प्रत्येक घर गार वाटते.

कागदपत्रांचे काम वकिलाकडे दिले, तरी काही गोष्टी स्वतः वाचल्या. भूखंड नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेच्या भाडेपट्ट्याचा आहे. असे पट्टे तीस वर्षांचे असतात, त्यामुळे नूतनीकरण झाले आहे का आणि हस्तांतरणाची परवानगी कोणी काढायची, हे व्यवहाराआधी लेखी ठरवावे लागते. घरटॅक्सच्या पावत्या फाइलमध्ये व्यवस्थित लावलेल्या होत्या, पण ती पावती मालकीचा पुरावा नव्हे. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून दिवंगत घरमालकांचेच नाव होते. वारस तीन, त्यांतील एक परदेशात. म्हणजे वारसनोंद, आणि परदेशातील भावाचे रीतसर मुखत्यारपत्र किंवा हक्कसोडपत्र. मागच्या बाजूला काढलेली पत्र्याची खोली मंजूर नकाशात नव्हती, तिचे क्षेत्रफळ आम्ही हिशेबातून वगळले.

किमतीवर बोलणे झाले तेव्हा बाजारभावाचा मुद्दा पुन्हा आला. गल्ली सहा मीटरची आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरील निवासी भूखंडाला १.१ या मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर (भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येते, ते प्रमाण) अधिमूल्य भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामहक्क, वापरून वाढ घेता येत नाही. मुख्य रस्त्यावरच्या प्लॉटचा भाव या गल्लीला लावणे म्हणूनच मला पटले नाही, आणि तसे मी घरमालकांच्या मुलीला स्पष्ट सांगितले. बाथरूमचा स्लॅब, छज्जे, वायरिंग, नळ, फाटकाचा उंबरा आणि गडरलाईनवर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह, या सगळ्यांचा मिस्त्रींनी काढलेला अंदाज मी कागदावर उतरवून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला. "बाबा असते तर त्यांनी उंबरा अजून उंच सांगितला असता," एवढेच त्या म्हणाल्या.

इसार अजून दिलेला नाही. जोराचा पाऊस चालू असताना एकदा येऊन फाटकापाशी उभे राहू द्या, अशी अट मी घातली आणि त्यांना ती वावगी वाटली नाही. घराची किल्ली त्यांनी शेजारच्या काकूंकडे ठेवली आहे, आणि मिस्त्रींची नळी माझ्या गाडीच्या डिकीत पडून आहे.