जांभळ्या पेनाने लिहिलेला २

विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघातही (इथे फक्त पदवीधर मत देतात) असणार, असं मी धरून चालले होते. कसलं काय! ही यादी दर वेळी कोरी पाटी. नमुना १८ भरा, पदवीची साक्षांकित प्रत जोडा, १ नोव्हेंबरच्या आधी पदवीला तीन वर्षं झालेली हवीत. माझ्या पदवीला बावीस झाली होती, पण तिच्यावर माहेरचं आडनाव. अर्ज परत आला. विवाह नोंदणीचा दाखला जोडून पुन्हा दिला, तेव्हा कुठे नाव लागलं.

मतदान १० जूनचं पुढे ढकलून २६ जून २०२४ला आलं. आदल्या रात्री सासऱ्यांनी शिकवणी घेतली: उमेदवारांसमोर पसंतीच्या क्रमाने १, २ असे आकडे लिहायचे.

"जागा एकच ना बाबा, मग २ कशाला लिहायचा?"

"वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. तेवढं कुणालाच पडलं नाही तर तळातला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. २ नाही लिहिलास तरी चालेल. १ मात्र हवाच, आणि तोही एकालाच."

ठाण्यातल्या आमच्या केंद्रावर मशीन नव्हतं. हातात लांब मतपत्रिका आली. "मॅडम, टिक नाही, फुली नाही, सही तर नाहीच. फक्त आकडा, आणि आमच्याच पेनाने," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. माझा हात तोवर पर्समध्ये गेलेला.

जांभळ्या स्केचपेनाचं टोक जाडजूड. १ पटकन लिहिला. २ला मात्र अडले. पहिला उमेदवार आवडीचा, पण त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मागे रांग. शेवटी ज्याचा पक्ष पटत नाही पण माणूस बरा वाटतो, त्याच्यासमोर २ काढला. बाहेर आल्यावर धस्स झालं: माझा मराठी १ इंग्रजी 9 तर वाटणार नाही ना? मराठी आकडे चालतात, हे बाबांनी दोनदा सांगितलं होतं, तरी घरी जाऊन तिसऱ्यांदा विचारलंच.

१ जुलैला नेरुळला मोजणी झाली. निरंजन डावखरे पहिल्याच पसंतीत कोटा ओलांडून निवडून आले, तेव्हा माझ्या २पर्यंत मोजणी पोचलीच नाही. इतका घाम गाळून लिहिलेला, थोडं वाईट वाटलं.

विवाहाचा दाखला मात्र परत माळ्यावर टाकलेला नाही. सहा वर्षांनी यादी पुन्हा कोरी होणार आहे.